‘आईचं कोण करतं?’

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की ओळखीची माणसं दोन प्रश्न विचारतात. आधी, ‘आता कसं आहे?’ मग जरा आवाज उतरवून, ‘त्यांचं कोण करतं?’ या दुसऱ्या प्रश्नातलं ‘करणं’ मी आयुष्यभर ऐकत आले होते, पण त्याच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. आईला अर्धांगवायू झाला आणि पुढची तीन वर्षं तिचं मी केलं, तेव्हा त्या एका क्रियापदात किती काय कोंबलेलं असतं ते समजलं. कूस बदलणं, अंग पुसणं, शी-शू, औषधांच्या वेळा, विम्याचे कागद, डॉक्टरांच्या तारखा, रात्रीची जाग. तिच्या चिडण्यावर न चिडणं, आणि चिडलंच तर नंतर तासभर स्वतःला खात बसणं.

एवढं सगळं ‘करणं’त मावतं, आणि करणाऱ्या माणसाला मात्र रोजच्या बोलण्यात नाव नाही. ‘केअरगिव्हर’ हा शब्द आता कानावर पडतो, पण घरात कुणी स्वतःला तसं म्हणवून घेत नाही. आपण मुलगी असतो, नवरा असतो, सून असतो, आणि मग आलेला थकवा नात्याच्या खात्यावर मांडला जातो. थकलीस म्हणजे माया कमी पडली, असा हिशेब. लोक तो मांडतात त्याहून जास्त आपण स्वतःच मांडतो.

हा हिशेबच चुकीचा आहे असं माझं ठाम मत झालं आहे. आजाऱ्याचं करणाऱ्याचा ताण मायेच्या किंवा सहनशक्तीच्या मापाने मोजणं आता थांबायला हवं. हात किती आहेत आणि तास किती आहेत, याचा तो प्रश्न आहे. त्याची उत्तरं आधी घरातल्या वाटणीत शोधावी लागतील, मग डॉक्टरांच्या खोलीत, ऑफिसात आणि कायद्यात. एकट्या माणसाने मन शांत ठेवून तो सुटणारा नाही.

एक रात्र सांगते. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे, नाहीतर एकाच जागी दाब येऊन पाठीला जखमा होतात. त्या रात्री तिचा बरा हात पलंगाच्या कठड्याला घट्ट धरून बसला होता. ‘आई, सोड.’ सोडेना. तीनदा म्हटलं. चौथ्यांदा मी तिचं मनगट पकडून ओढलं. सकाळी अंग पुसताना त्या मनगटावर माझ्या चार बोटांचे लालसर वळ दिसले. म्हातारी कातडी पातळ असते, वळ लगेच उठतात, हे मला माहीत होतं. तरी ती माझीच बोटं होती. त्याच दुपारी आईची एक मावसबहीण भेटायला आली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, ‘तुझ्यासारखी लेक मिळायला भाग्य लागतं गं.’ मी हसले, आणि आईच्या गाऊनची बाही मनगटावर ओढून घेतली.

पुढे कितीतरी महिने मी हे कुणाला सांगितलं नाही. आपण आतून वाईट आहोत, एवढाच अर्थ मी लावला होता. आज त्या रात्रीकडे बघताना मला दुसरीच गोष्ट आधी दिसते. अकरा महिने मी सलग दोन तासांपेक्षा जास्त झोपले नव्हते. घरात दुसरं माणूस नव्हतं. अशा अवस्थेत कुणाचाही हात तेवढाच जोरात ओढला गेला असता. मला कमी लेखणारं त्या दिवशी कुणी नव्हतं, उलट कौतुक होत होतं, आणि त्या कौतुकानेच माझं तोंड बंद केलं. ‘किती करतेस!’ असं ऐकल्यावर ‘आता जमत नाही’ हे वाक्य घशातून वर येत नाही.

हे केवळ माझं मन म्हणत नाही. स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1980 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या 29 जणांचा अभ्यास केला. रुग्णाची विसर, भटकणं, आरडाओरडा जितका जास्त तितका सांभाळणाऱ्यावरचा भार जास्त, असंच कुणालाही वाटेल. तसं आढळलं नाही. भाराचा संबंध लागला तो घरातली इतर माणसं, म्हणजे मुलं, भावंडं, नातवंडं, किती वेळा येऊन जातात याच्याशी. येणंजाणं जास्त तिथे भार कमी. 29 ही संख्या लहान आहे, आणि एका अभ्यासावर मोठं घर बांधू नये हे मला मान्य आहे. पण त्यातून निघालेली प्रश्नावली पुढे जगभर वापरली गेली. तिच्या आज रुळलेल्या रूपात 22 प्रश्न आहेत, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, आपल्या माणसाजवळ असताना राग येतो का, हे सगळं दुसऱ्या कुणावर सोपवावंसं वाटतं का, असे ते प्रश्न. मला ती प्रश्नावली पहिल्यांदा दिसली तेव्हा रडू आलं. जे मी माझं पाप समजत होते ते कुणीतरी साध्या प्रश्नासारखं छापून ठेवलं होतं.

आता शरीराचं. ताण मनात असतो, असं आपण सहज म्हणून जातो. जेनिस कीकोल्ट-ग्लेसर यांच्या गटाने 1995 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या 13 स्त्रिया घेतल्या आणि त्यांच्याच वयाच्या, तसा भार नसलेल्या 13 स्त्रिया. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि ती भरून यायला किती दिवस लागतात ते मोजलं. भार नसलेल्यांना सरासरी 39 दिवस लागले, सांभाळणाऱ्यांना जवळजवळ 49. नऊ-दहा दिवसांचा हा फरक कातडीवर दिसलेला आहे. ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणून तो जात नाही.

रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांचा 1999 चा अभ्यास याहून गंभीर आहे. वयस्क जोडीदारांना सांभाळणाऱ्यांकडे त्यांनी चार वर्षं लक्ष ठेवलं. सांभाळताना ज्यांच्यावर ताण येत होता त्यांच्यात मृत्यूचा धोका, असं सांभाळणं वाट्याला न आलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त निघाला. जे सांभाळत होते पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी वाढ आढळली नाही. पुढे 2013 मध्ये अमेरिकेतल्याच एका खूप मोठ्या अभ्यासात, सरसकट सगळे सांभाळणारे घेतले तर त्यांचा मृत्यूचा धोका इतरांपेक्षा 18 टक्क्यांनी कमी दिसला. हे दोन आकडे एकमेकांना खोडतात असं वरवर वाटेल. मला ते एकच गोष्ट सांगताना दिसतात. आपल्या माणसाचं करण्यात विष नाही. त्यात अर्थ असतो, जवळीक असते, माझ्या आईशी मी आयुष्यात जितकं बोलले नव्हते तितकं त्या तीन वर्षांत बोलले. माणूस मोडतो तो मदतीशिवाय, सुट्टीशिवाय, शेवट कधी ते ठाऊक नसताना करत राहण्याने.

म्हणून ताण ओळखणं महत्त्वाचं, आणि तो ओळखणं अवघड, कारण तो ताणासारखा दिसतच नाही. तो शिस्तीसारखा दिसतो. माझ्या बाबतीत तो आधी असा आला की आईच्या गोळ्या मिनिटाच्या हिशेबाने द्यायच्या आणि माझी रक्तदाबाची गोळी आठवड्यातून चार दिवस राहून जायची. माझी दातांची तारीख मी पाच वेळा पुढे ढकलली. मैत्रिणीचा फोन वाजला की स्क्रीनकडे बघत राहायचं आणि तो बंद होण्याची वाट पाहायची. झोपायला वेळ मिळाला तरी एक कान दुसऱ्या खोलीत ठेवून पडायचं. गॅस बंद केला का हे तीनदा जाऊन बघायचं. आईने पाण्याचा पेला सांडला तर डोक्यात भडका उडायचा, आणि डॉक्टरांनी तपासणीचा वाईट निकाल सांगितला तेव्हा मात्र काहीच वाटायचं नाही. हे काहीच न वाटणं मला चिडण्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. चिडलेलं माणूस अजून आत असतं.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी. ‘सुटेल तर बरं’ हा विचार. तिच्या सुटण्याचा, म्हणजेच आपल्या सुटण्याचा. दीर्घ आजारपण काढणाऱ्या बहुतेकांच्या मनात तो कधी ना कधी येऊन जातो, आणि आला म्हणून कुणी खुनी होत नाही. पॉलिन बॉस या अभ्यासकांनी 1970 च्या दशकापासून अशा दुःखाबद्दल लिहिलं आहे, ज्यात माणूस समोर असतं पण ओळखीचं माणूस गेलेलं असतं. आईने मला नावाने हाक मारणं थांबवलं त्या दिवशी मला सुतकासारखं वाटलं होतं, आणि त्या सुतकाला भेटायला कुणी येत नाही. मात्र हाच विचार रोज येऊ लागला, स्वतःचं काही करून घ्यावंसं वाटू लागलं, किंवा आजाऱ्यावर हात उचलला जाईल अशी भीती वाटली, तर तो दिवस थांबण्याचा नाही. आजारी माणूस सुरक्षित आहे एवढं बघून खोलीबाहेर यावं, कुणाला तरी लगेच बोलवावं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना जसंच्या तसं सांगावं. दोन आठवडे उलटूनही मन उचलत नसेल, विश्रांतीनंतरही सकाळ जडच उगवत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

यावर सल्ला ठरलेला असतो: ‘आधी स्वतःची काळजी घे.’ चालायला जा, श्वासाचे व्यायाम कर, छंद जोप. यातलं काहीच खोटं नाही. दहा मिनिटं दीर्घ श्वास घेतल्याने मलाही बरं वाटायचं. पण हा सल्ला देणारं माणूस ती दहा मिनिटं कुठून आणायची ते सांगत नाही. चालायला जायचं तर आईजवळ कोण बसणार? हा प्रश्न सोडवल्याशिवाय दिलेला सल्ला म्हणजे करणाऱ्याच्या यादीत आणखी एक काम, आणि ते झालं नाही की आणखी एक अपराध. स्वतःची काळजी घेण्याची जबाबदारीसुद्धा तिच्यावरच टाकून आपण बाजूला होतो.

दुसरं तितकंच निरुपयोगी वाक्य म्हणजे ‘काही लागलं तर सांग हं.’ माझा भाऊ दर रविवारी हे म्हणायचा. मनापासून म्हणायचा. तो दुसऱ्या शहरात राहतो, नोकरी आहे, दोन मुलं आहेत. पण काय लागेल ते ओळखायचं, शब्दांत मांडायचं, मागायचं आणि मागितल्यावर ओशाळायचं, ही सगळी कामं त्या वाक्याने माझ्याकडेच राहायची. शेवटी मी एक साधी गोष्ट केली. वहीत एका दिवसाची नोंद ठेवली, पहाटे पाच ते दुसऱ्या दिवशीची पहाटे पाच. काय केलं, किती मिनिटं लागली. चाळीसच्या वर ओळी झाल्या. त्या पानांचे फोटो दादाला पाठवले. त्याने तासाभराने फोन केला, बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘मला हे माहीतच नव्हतं.’ तो खोटं बोलत नव्हता. ‘आईचं मी करते’ एवढंच त्याच्यापर्यंत पोचलं होतं. त्याच फोनवर मी त्याला मनगटाचं सांगितलं.

वाटणी नेमकी असावी लागते, हे त्यानंतर शिकले. दादाने विम्याचे कागद, औषधं मागवणं आणि सगळी बिलं पूर्णपणे स्वतःकडे घेतली. पूर्णपणे म्हणजे आठवण ठेवण्यासकट. मी आठवण करून द्यायची असेल तर ते काम माझंच राहतं. रोज संध्याकाळी सहाला तो व्हिडिओ कॉल लावून आईला पेपर वाचून दाखवायचा, त्या अर्ध्या तासात मी निवांत अंघोळ करायची. आणि दोन महिन्यांतून एकदा तो आठवडाभर येऊन राहू लागला. हे जमणं माझ्यासाठीही सोपं नव्हतं. उशी इथे नको तिथे, टॉवेल असा नको तसा, म्हणून मी पहिल्या दिवशी त्याच्या मागे मागे फिरत होते. काम सोपवायचं तर ते दुसऱ्याच्या पद्धतीने होऊ द्यावं लागतं. आजाऱ्याच्या जिवाला धोका नसेल तिथे करणाऱ्यानेही मागे सरायला शिकलं पाहिजे.

मेरी मिटलमन यांच्या गटाने न्यूयॉर्कमध्ये जवळजवळ हेच पद्धतशीरपणे तपासलं. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराला सांभाळणाऱ्यांसाठी त्यांनी सहा बैठका ठेवल्या. दोन त्या व्यक्तीसोबत एकट्याने, आणि चार घरातल्या इतरांना सोबत घेऊन. नंतर आधारगट, आणि लागेल तेव्हा फोनवर सल्ला. 2006 मध्ये 406 जणांचे निष्कर्ष आले. ज्यांना हा आधार मिळाला त्यांच्या घरी रुग्ण सुमारे दीड वर्ष, अभ्यासाच्या हिशेबाने 557 दिवस, जास्त राहू शकले. शुश्रूषागृहात हलवण्याची वेळ तेवढी लांबली. सहापैकी चार बैठका इतर नातेवाइकांसोबत होत्या, हे मला सर्वांत बोलकं वाटतं. करणाऱ्याचा ताण कमी करायचा तर भोवतालच्या माणसांना खोलीत बोलवावं लागतं.

‘हे घरचं आहे, त्यात कायदा कशाला?’ असं म्हणणारे भेटतात. त्यांच्या म्हणण्यात एक खरी भीती आहे: माया सरकारी कागदावर आली की तिचं नोकरीत रूपांतर होईल. पण घरचं म्हणून सोडून दिल्यावर काय होतं ते आकडे सांगतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी देखभालीच्या कामातले 76.2 टक्के तास बायका देतात. ‘घरच्यांनी वाटून घ्यावं’ म्हणणाऱ्या जगात वाटणी अशी झाली आहे.

जिथे हा सार्वजनिक प्रश्न मानला गेला तिथे माया आटलेली नाही. जर्मनीने 1995 मध्ये दीर्घकालीन देखभालीचा विमा सुरू केला. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त वेळ घरच्या माणसाला सांभाळणाऱ्याच्या पेन्शनचा हप्ता त्यातून भरला जातो. जपानने 2000 मध्ये तसाच विमा आणला आणि तिथे मुद्दाम रोख पैसे देण्याऐवजी सेवा देण्यावर भर दिला. पैसे हातात ठेवले तर सून पुन्हा त्याच खोलीत अडकेल, असा आक्षेप तेव्हाच्या चर्चेत घेतला गेला होता. मला तो पटतो. मला त्या वर्षांत पैशांपेक्षा तास हवे होते. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्याने सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःच्या गरजांची वेगळी तपासणी मागण्याचा हक्क दिला, आणि ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून वर्षाला आठवडाभराची, बिनपगारी का होईना, रजा मिळते. बाळंतपणाच्या रजेला आता कुणी घरगुती लाड म्हणत नाही. आजारपणाला मात्र बाळंतपणासारखी तारीख नसते, म्हणून ही रजा तुकड्यांत, प्रसंगी तासांत घेता आली पाहिजे. जपानमध्ये 93 दिवसांची देखभाल रजा तीन भागांत घेता येते, ते याच कारणाने शहाणपणाचं आहे.

पण एक बदल कायद्याची वाट न पाहता उद्यापासून होऊ शकतो, आणि तो डॉक्टरांच्या हातात आहे. तीन वर्षांत मी आईला घेऊन किती वेळा तपासायला गेले याची मोजदाद नाही. तिची नाडी, तिचं वजन, तिची झोप, सगळं फाइलवर यायचं. ती झोप ज्याच्या झोपेवर उभी होती त्याच्याबद्दल एकदाही कुणी विचारलं नाही. रुग्णाच्या फाइलवर एक ओळ हवी: घरी कोण करतं, रात्री कोण उठतं, आणि त्या माणसाची तब्येत कशी आहे. दोन मिनिटं लागतील. ‘तुम्ही किती झोपता?’ एवढं जरी एखाद्या डॉक्टरांनी मला विचारलं असतं, तर बाही ओढण्याआधी मी बहुधा बोलले असते.

दादा पहिल्यांदा आठवडाभरासाठी आला त्या रात्री मी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपले. दोन-चाळीसला सवयीने जाग आलीच. भिंतीपलीकडून दादाचा आवाज ऐकू येत होता. ‘आई, कठडा सोड गं. घाई नाहीये. तुला वाटेल तेव्हा सोड.’ मग बराच वेळ शांत. मी छताकडे बघत पडले होते, उठले नाही. मग पलंग करकरला, आणि उशी थोपटल्याचा आवाज आला.